वरची मूठ आणि निवडणुकीची अट

आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या बागेत एक बाक आहे. संध्याकाळी पाच ते सात या वेळात त्या बाकावर जगातले सगळे प्रश्न सुटतात. सोडवणाऱ्यांत मराठे नावाचे गृहस्थ आघाडीवर. बँकेतून निवृत्त, गुडघे गेलेले, आवाज मात्र शाबूत. परवा त्यांनी गरीब देशांचा प्रश्न हातात घेतला. पेपरात काहीतरी आलं होतं. "ज्या देशात निवडणुका धड होत नाहीत ना, त्यांची परदेशी मदत सरळ बंद करायची. निवडणूक घ्या, मदत न्या. सोपं आहे हो!" असं म्हणून त्यांनी पेपरची घडी घातली, म्हणजे त्यांच्यापुरता प्रश्न मिटला.

मी उठले आणि घरी येऊन भांडी आपटली. सुनेने विचारलं, "आई, कुणी काही बोललं का?" मी म्हटलं, "नाही गं, मराठ्यांनी लोकशाही वाचवली."

या अंकाच्या संपादकांनी मला नोकरीतल्या गमतीजमती लिहायला सांगितल्या होत्या. हलकंफुलकं काहीतरी, असं त्यांचं म्हणणं. गमती आहेत, नाही असं नाही. पण ते "सोपं आहे" ऐकल्यापासून माझ्या डोक्यात एकच प्रकरण घुमतंय, आणि ते लिहून मोकळी झाल्याशिवाय मला दुसरं काही सुचणार नाही. तेव्हा संपादकांनी सांभाळून घ्यावं.

मी बत्तीस वर्षं भांडुपच्या एका कारखान्यात नोकरी केली. कारखाना हातपंपांचा. माझं खातं एक्स्पोर्टचं, म्हणजे माल परदेशी जाताना जे कागद लागतात ते करण्याचं. गरीब देशांत जे पंप बसतात, ते तो देश स्वतः विकत घेतो असं क्वचितच होतं. खर्च करणारा युरोपातला एखादा श्रीमंत देश, पंप बसणार आफ्रिकेतल्या गावात, आणि तो घडायचा भांडुपला. या तिघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नसतं. त्यांच्यामध्ये फक्त कागद असतो, आणि तो कागद म्हणजे मी.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. एका देणाऱ्या देशाला प्रत्येक पंपावर आपल्या झेंड्याचं स्टिकर हवं होतं, तेही रस्त्याच्या बाजूला. पंप कुठल्या दिशेला तोंड करून बसणार हे आम्हाला भांडुपला बसून कसं कळणार, असं मी नम्रपणे विचारलं. उत्तर आलं, मग चारही बाजूंनी लावा. लावली. दुसऱ्या एका मंत्रालयाने "तपासणीसाठी नमुना" म्हणून एक पंप मंत्र्यांच्या बायकोच्या शेतावर पाठवायला सांगितलं. तो काही मी पाठवला नाही. त्यांची तीन स्मरणपत्रं माझ्या फायलीत शेवटपर्यंत होती.

आता पंपाबद्दल थोडं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. लोकांना हातपंप म्हणजे दांडा वाटतो, कारण दांडा दिसतो. खरं काम जमिनीच्या पोटात, पाइपाच्या टोकाला असलेल्या नळकांड्यात चालतं. तिथे रबराची एक काळी वाटी असते, पेल्याच्या बुडाएवढी. तिला वॉशर म्हणतात. दांडा दाबला की ही वाटी पाणी वर ढकलते. ती झिजली की दांडा खालीवर होत राहतो, पंप नुसता खोकतो, आणि पाणी येत नाही. वरचं सगळं लोखंड वीस वर्षं टिकेल, पण वाटी काही महिन्यांनी बदलावीच लागते. वाळू असेल तर त्याहून लवकर. म्हणून प्रत्येक पंपाबरोबर सुट्या भागांची एक पिशवी जाते. तिच्यात बोल्ट, साखळी, आणि दोन जादा वॉशर. दोन म्हणजे दोनच. करारात तसं लिहिलेलं असतं.

पण आमच्या पॅकिंग शेडमध्ये परबकाका होते. मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत होते, काकांनी गिरणी बंद पडल्यावर हे काम धरलं. पिशवीत ते मोजून दोन वॉशर टाकायचे, आणि मग ड्रममध्ये हात घालून वर एक मूठ. वाट्या एकात एक बसायच्या, त्यामुळे त्यांच्या हातात बऱ्याच मावायच्या. कधीपासून चाललं होतं कोण जाणे. मला ते कळलं ते फार उशिरा, आणि फार वाईट पद्धतीने.

मालाच्या बरोबर पॅकिंग लिस्ट जाते. पेटीत काय आहे, किती आहे, ते त्यात नगावारी लिहिलेलं. तिकडच्या बंदरावरचा कस्टमचा माणूस एखादी पेटी उघडतो आणि मोजतो. कमी भरलं तर शिपिंगवाल्याला विचारतात. जास्त भरलं तर मात्र पंचाईत, कारण जास्त माल म्हणजे चोरटा माल. आफ्रिकेतल्या एका देशासाठीच्या मोठ्या ऑर्डरचा पहिला लॉट असाच अडकला. देशाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून तिथेच राहतात. पाच आठवडे कंटेनर बंदरात, मग आहे तसा सुटला. कारण काय, तर कागदावर दोन वॉशर आणि पिशवीत सात.

मी तरातरा शेडमध्ये गेले. "परबकाका, हे काय लावलंय तुम्ही?"

काका शांतपणे म्हणाले, "वरची मूठ ती, मॅडम."

"कसली वरची मूठ? भाजी विकताय का तुम्ही?"

"लांबचो गाव तो. थंय दुकान आसा काय? एखादा पडात, एखादा हरवात."

"कागदावर दोन आहेत, काका."

"कागद पाणी काढता काय?"

मी आणखीच चिडले. कंपनीला युरोपातून लेखी समज आली होती आणि आमच्या धाकट्या शेठने ती माझ्या टेबलावर आणून ठेवली होती. दुसऱ्या लॉटच्या वेळी मी स्वतः शेडमध्ये स्टूल टाकून बसले. वजनकाटा समोर ठेवला. प्रत्येक पिशवी काट्यावर चढवायची, काटा ठरल्या आकड्यावर थांबला पाहिजे, एक ग्रॅम जास्त नाही. काकांचा हात सवयीने ड्रमकडे जायचा आणि मी नुसतं "अंहं" म्हणायचे. तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. दुसरा लॉट बंदरातून एका दिवसात सुटला, आणि शेठने मला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. मी ती मिरवलीसुद्धा.

पहिला लॉट गेला होता त्या देशाच्या उत्तरेच्या सपाट भागात, दुसरा दक्षिणेच्या डोंगरात. दोन्हीकडच्या पंपांची देखरेख मिरियम नावाच्या बाईकडे होती. ती आधी आमच्याकडे तीन आठवडे दुरुस्ती शिकायला आली होती. पस्तिशीची, उंच, मनगटं लोखंडी. भांडुपच्या लॉजमध्ये राहायची आणि जेवायला माझ्याबरोबर विक्रोळीला आईकडे यायची, कारण तेव्हा आई होती. ती मला "मामा" म्हणायची. त्यांच्याकडे वडीलधाऱ्या बाईला तसं म्हणतात. शेडमधल्यांना त्याची इतकी मजा वाटली की पुढे महिनाभर मला सगळे वाघमारे मामा म्हणत होते. परबकाकांशी तिचं विशेष जमलं. त्यांना इंग्रजी नाही, हिला मालवणी नाही, पण नळकांडं उघडलं की दोघं तासभर गप्पा मारायचे.

पहिल्या लॉटचे पंप बसल्यावर तिने मला फोनवर एक फोटो पाठवला. नव्या पंपाच्या दांड्याला फुलं बांधलेली, आणि शेजारी पुरुषभर उंचीचा एक फलक. त्यावर तिथल्या राष्ट्राध्यक्षांचा हसरा चेहरा आणि खाली ओळ, तुमच्या राष्ट्राध्यक्षांची भेट. निवडणूक वर्षावर आली होती. मी फोटो काकांना दाखवला. त्यांनी चष्मा पुसून पाहिला. "ह्यो कोण? पंप ह्येणा केल्यान?"

हाच फोटो युरोपातही पोचला. पंपांचा खर्च करणारे ते, आणि पंपाच्या नावाने मतं मागणारे दुसरेच. ते भडकले, आणि मला वाटतं बरोबर भडकले. मग करारात सुधारणा आली. दुसऱ्या लॉटची बोट निघालेली होती, त्यामुळे अट लागली तिसऱ्या लॉटला. त्या देशातली निवडणूक ठरलेल्या मुदतीत होईल, ती समाधानकारक झाली असं निरीक्षक लिहून देतील, त्यानंतरच तिसरा लॉट भांडुपमधून हलेल.

खोटं कशाला बोलू, ती अट वाचून मी मनात "वा!" म्हटलं. मी ज्या घरात वाढले तिथे मत ही साधी गोष्ट नव्हती. माझी आई मराठवाड्यातल्या एका खेड्यातून लग्न होऊन मुंबईत आली. मतदानाच्या दिवशी ती सकाळी अंघोळ करून, इस्त्रीची पांढरी साडी नेसून, रांगेत पहिली उभी राहायची. "हे एक काम असं आहे, तिथं मला कुणी थांब म्हणत नाही," म्हणायची. तेव्हा कुणी राष्ट्राध्यक्षाला दम भरत असेल की लोकांना विचार, तर माझी काही हरकत नव्हती.

फक्त एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती. तिसऱ्या लॉटमध्ये पंप नव्हतेच. आधीच्या दोन्ही भागांच्या पंपांना दोन वर्षं पुरतील एवढे सुटे भाग होते, पुन्हा तशाच पिशव्यांत भरलेले. म्हणजे मुख्यतः वॉशर.

पेट्या भरून, सील होऊन तयार झाल्या आणि तिकडे राष्ट्राध्यक्षांनी निवडणूक पुढे ढकलली. कारण दिलं, मतदारयाद्या तयार नाहीत. आम्हाला युरोपातून एका ओळीची मेल आली, माल थांबवा. बावीस पेट्या शेडच्या भिंतीला लागून उभ्या राहिल्या. महिना झाला, दोन झाले. लोक त्यांवर डबे ठेवून जेवायला लागले.

काकांना मी कारण समजावून सांगितलं तर ते पेट्यांकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिले. "निवडणूक नाय झाली म्हणान पाणी बंद?"

"तसं नाही काका. मदत बंद."

"ताच ता." मग म्हणाले, "मॅडम, आपल्या महापालिकेची निवडणूक खंय झाली? किती वर्सां नगरसेवक नाय आमच्या वॉर्डात. मग आपला पाणी कोण बंद करतलो?"

शेडमध्ये सगळे हसले. मीही हसले. आमच्या नळाला तेव्हा पाणी येत होतं, म्हणून हसता आलं.

मिरियमचे मेसेज सुरू झाले. आधी साधे. मामा, पेट्या कधी निघणार? मग फोटो. तळहातावर झिजून कागद झालेली वाटी. मग दुसऱ्या प्रकारचे फोटो. लोकांनी ट्रकच्या ट्यूबमधून, जुन्या चपलेच्या तळव्यातून वाट्या कापल्या होत्या. त्या चार दिवस टिकायच्या आणि आत तुकडे होऊन अडकायच्या, की सगळा पाइप उपसावा लागायचा. हे सगळं डोंगरातलं होतं. तिथे वाळू जास्त, आणि पिशवीतल्या दोन वाट्या कधीच्या संपल्या होत्या. उत्तरेकडचं ती काही लिहायची नाही, आणि मला वाटायचं, तिकडचं लिहायला तिला वेळच नसेल.

युरोपात ज्याच्या हातात हे होतं त्याचं नाव हेन्रिक. त्याच्याशी मी दर पंधरवड्याला व्हिडिओवर बोलायचे. अत्यंत सभ्य माणूस. इतका सभ्य की त्याच्यावर ओरडताही येत नाही, आणि त्यामुळे डोक्याची शीर तटतटते.

मी म्हटलं, "पंप अडवा, मोटारी अडवा, त्या माणसाच्या कचेरीतले कॉम्प्युटर अडवा. वॉशरनी काय केलंय?"

तो म्हणाला, "तुमचं म्हणणं मला पूर्ण समजतं."

"मग सोडा ना."

"वॉशर त्याच करारात आहेत. एका वस्तूला सूट दिली तर अट उरत नाही. आणि मॅडम, आमच्याकडे त्यांच्यावर दबाव आणायला दुसरं काहीच नाही."

"पण दबाव त्यांच्यावर येतोय का? राष्ट्राध्यक्ष हातपंपाचं पाणी पितात का?"

तो "नाही पीत," म्हणाला. "ते मी वर कळवीन."

त्याने खरंच कळवलं. मी सात मेल लिहिल्या होत्या, सातही त्याने वर कळवल्या. वरून उत्तर आलं की आमच्या भावनांची नोंद घेतली आहे. मी तो कागद टराटरा फाडला आणि मग फायलीसाठी पुन्हा प्रिंट काढला.

मग मी शेठकडे गेले. ते म्हणाले, "पेट्यांना हात लावू नका मॅडम, सील नंबर त्यांच्याकडे आहेत. एक तुटलं तर पूर्ण ऑर्डरची वाट लागेल." मी म्हटलं, नवे बनवू. त्यांनी हो म्हटलं, तेवढा तो माणूस चांगला. शंभर वॉशरचं पार्सल मी कुरियरने मिरियमच्या नावाने पाठवलं. ते चार महिन्यांनी परत आलं. वर शिक्का, आयातीचा परवाना नाही. मदतीचा माल म्हणून गेलं असतं तर परवाना लागला नसता, आणि मदत तर बंद होती.

त्या दिवसांत मला आई फार आठवायची. तिच्या गावी विहीर होती, पण तिला तिथे हात लावायची मुभा नव्हती. घागर घेऊन बाजूला उभं राहायचं, आणि ज्यांना हात लावायची मुभा होती त्यांच्यापैकी कुणाला वाटलं तर तो वरून ओतणार. वाटलं नाही तर नाही. आई सांगायची, उन्हापेक्षा ते वाट बघणं वाईट होतं. मताच्या रांगेत तिला कुणी थांब म्हणत नव्हतं, याचं कौतुक तिला का होतं, ते मला तेव्हा नीट कळलं. माझ्या आईला मत आणि पाणी दोन्ही हवं होतं. एकाच्या बदल्यात दुसरं, असा सौदा तिने कुणाकडूनच घेतला नसता. आणि इथे मी रोज त्याच सौद्याच्या कागदावर सही करून बसले होते.

एकदा हा सगळा राग मी मिरियमसमोर काढला. म्हटलं, जळो ती अट. तर ती माझ्यावरच उखडली. "मामा, असं बोलू नका. ही अट नसेल तर तो माणूस निवडणूक कधीच घेणार नाही. आमच्याकडचे लोक त्यासाठी तुरुंगात गेलेत. माझा भाऊ गेलाय. अट घाला, जोरात घाला. फक्त ती घालणाऱ्यांनी एकदा येऊन इथला दांडा मारून बघावा." मराठ्यांना मी हे सांगायला हवं होतं. पण बाकावर एवढं ऐकून घेत नाहीत.

शेवटी निवडणूक झाली. मिरियम पहाटेपासून रांगेत होती. दुपारी तिचा फोटो आला, शाई लावलेलं बोट आणि मागे दमलेला, उजळलेला चेहरा. राष्ट्राध्यक्ष हरले नाहीत, पण काठावर आले, आणि तिकडे तेवढंही पहिल्यांदाच घडलं होतं. मी काकांना फोटो दाखवला आणि म्हटलं, चला, आता पेट्या निघतील.

कसल्या निघतायत! निवडणूक झाली हे कळायला आम्हाला एक फोटो पुरला, पण ती समाधानकारक झाली की नाही हे ठरवायला युरोपाला आणखी अडीच महिने लागले. निरीक्षकांच्या अहवालात "समाधानकारक" होतं, पण त्याच्या आधी "बहुतांशी" होतं. बहुतांशी समाधानकारक म्हणजे समाधानकारक का, यावर तीन बैठका झाल्या. हेन्रिक मला प्रत्येक बैठकीचा वृत्तान्त द्यायचा. तिसऱ्या वेळी त्याचाही आवाज चढलेला होता आणि मला फार बरं वाटलं.

पहिल्या "माल थांबवा"पासून चौदा महिन्यांनी "माल सोडा" आलं. त्यातही मेख होती. आधीच्या तपासणीची मुदत संपली होती. पेट्या उघडा, पुन्हा मोजा, पुन्हा भरा, नवे कागद करा. माझ्या निवृत्तीला तेव्हा पाच आठवडे उरले होते.

पेट्या उघडल्या त्या सकाळी मिरियमचा मोठा मेसेज आला. माल सुटल्याचं तिला मी कळवलं होतं, त्याचं ते उत्तर. शेडच्या दारात उभं राहून मी तो वाचला. लिहिलं होतं:

"मामा, देवाची कृपा. डोंगरातले सतरा पंप आज बंद आहेत. तिथल्या बायका परत नदीच्या डबक्यावर जातात आणि मुलांना जुलाब सुरू आहेत. दोन मुलं आम्ही गमावली. उत्तरेत मात्र एकही पंप एक दिवससुद्धा थांबला नाही. काकांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी पिशवीत जास्तीच्या वाट्या टाकल्या होत्या, त्या आम्ही फडक्यात बांधून ठेवल्या आणि जपून वापरल्या. उरलेल्या मी डोंगरात नेल्या, पण तेवढ्यांनी काय होणार? एक विचारू का? डोंगरातल्या पिशव्या भरल्या तेव्हा काका रजेवर होते का? त्या पिशव्या कुणी दुसऱ्या माणसाने भरल्यासारख्या वाटतात."

आत काका काट्यापाशी उभे होते. माझ्या जुन्या हुकुमाप्रमाणे एकेक पिशवी काट्यावर ठेवून, आकडा जुळला की खाली उतरवत होते. ड्रमकडे बघतसुद्धा नव्हते. इतकी सवय मोडली होती त्यांची.

मी म्हटलं, "काका, वरची मूठ घाला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कागदाचा काय?"

"कागद मी बघते."

त्यांनी ड्रममध्ये हात घातला, मूठ बाहेर काढली, आणि मी ती माझ्या हातात घेऊन मोजली. पाच वाट्या. मग टेबलापाशी जाऊन पॅकिंग लिस्टमध्ये एक ओळ वाढवली, प्रवासातील तूट धरून जादा वॉशर, प्रत्येक पिशवीत नग पाच, विनामूल्य. हेन्रिकला पाठवली. वीस मिनिटांत त्याची मंजुरी आली, खाली धन्यवादसुद्धा होतं.

वीस मिनिटं. दुसऱ्या लॉटच्या वेळीही तेवढीच लागली असती. बत्तीस वर्षं कागद केलेल्या बाईला कागदात एक ओळ घालायचं सुचलं नाही. तिने काटा मागवला, स्टूल मागवलं, आणि एका म्हाताऱ्या माणसाचा हात अडवला. मी तिथेच खुर्चीत बसून रडले. काकांनी पाण्याचा ग्लास आणून ठेवला आणि परत कामाला गेले. त्यांना मी मेसेजमधला नमस्कार सांगितला. सतरा पंपांचं सांगितलं. मुलांचं मला सांगता आलं नाही.

तिसरा लॉट पोचला. सतराच्या सतरा पंप चालू झाले, मिरियमने प्रत्येकाचा फोटो पाठवला. मी निवृत्त झाले, शाल आणि श्रीफळ मिळालं, भाषणं झाली. शेठ म्हणाले, मॅडमच्या कागदात कधी एका नगाची चूक निघाली नाही.

मिरियमच्या प्रश्नाला मी उत्तर लिहिलं ते निवृत्तीनंतर, घरून. खोटं लिहायचा मोह झाला होता. हो, दुसराच माणूस होता, एवढं लिहिलं असतं तर ते फारसं खोटंही झालं नसतं. पण लिहिलं ते असं: "काका रजेवर नव्हते. पिशव्या त्यांनीच भरल्या. करारात दोन वॉशर होते, म्हणून मी शेजारी बसून त्यांना जास्त टाकू दिले नाहीत."

तिसऱ्या दिवशी एक ओळ आली.

"म्हणजे मामा, तुमच्याकडेही अट होती."

त्याला उत्तर मी अजून लिहिलेलं नाही. मराठ्यांच्या बाकावर मी आता बसत नाही.